पदराआडचा चट्टा

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, चहा फिरला आणि गप्पांच्या ओघात एकीने विचारलं, "काय हो ताई, हल्ली तुमच्या दोरीवर चार रंगांचे चार टॉवेल दिसतात. पूर्वी तर एकच असायचा सगळ्यांत!" आमचं घर भररस्त्यावर, त्यामुळे दोरीवर काय वाळतंय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. क्षणभर वाटलं, काहीतरी थाप मारावी. पण म्हटलं, समाजकार्य करते म्हणून मिरवते, तर एवढं तरी खरं बोलावं. सांगून टाकलं, "मला गजकर्ण झालं होतं. कमरेला आणि मांडीला. माझ्यामुळे यांना झालं, लेकीलाही झालं. म्हणून डॉक्टरांनी टॉवेल वेगळे करायला लावले."

बैठक एकदम चिडीचूप. आणि मग काय सांगू मैत्रिणींनो, चौदाजणींपैकी पाचजणी हळूच म्हणाल्या, "मला पण आहे." एकीला तर दोन वर्षं झालेली. तिच्या नवऱ्याला ठाऊक, मेडिकलवाल्याला ठाऊक, डॉक्टरला मात्र नाही.

माझी गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. चार-चार दिवस कपडे वाळत नव्हते. ओलसर परकर तसाच नेसायचा, वर दिवसभर गॅससमोरचा घाम. नाड्याच्या जागी रुपयाएवढा लाल गोल उठला. कडा जराशी उंच, तिथे बारीक पापुद्रे, मधला भाग मात्र स्वच्छ. खाज अशी की पाहुण्यांत बसणं मुश्कील. दाखवायचं कुणाला? आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणजे यांचे शाळासोबती, दिवाळीला फराळाला घरी येणारे. त्यांच्यापुढे परकराचा नाडा सैल करायचा या कल्पनेनंच मी गार झाले. मग आपण सगळ्या जे करतो तेच केलं. मेडिकलमध्ये जाऊन खालच्या आवाजात म्हटलं, "खाजेसाठी काहीतरी द्या." काउंटरवरच्या पोराने काही न विचारता ट्यूब पुढे केली. "काकू, दोन दिवसांत फरक बघा."

आणि फरक पडला की! खाज गेली, लाली गेली. आठवड्याने ट्यूब थांबवली, तर तेच दुखणं दुप्पट जोराने परत. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा खाज. असे आठ महिने काढले. चट्टा कमरेवरून मांडीत उतरला, त्याचा तो गोल आकारही राहिला नाही, नुसता काळपट-लाल पसारा. मांडीच्या आतल्या बाजूला बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा रेघा उमटल्या. तरी मी गप्पच. पण लेकीच्या मानेवर तसाच गोल दिसला, तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने जिल्ह्याचं गाव गाठलं. आपलं दुखणं अंगावर काढायची बाईला खोड असते, लेकीचं नाही काढवत.

तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी आधी विचारलं, "काय लावत होतात, ते आणलंय?" पर्समधली पिळून चपटी झालेली ट्यूब दिली. त्यांनी त्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. बुरशी मारणारं एक औषध, जंतू मारणारं दुसरं आणि तिसरं जोरदार स्टेरॉइड. "खाज घालवली ती या तिसऱ्याने," त्या म्हणाल्या. "गजकर्ण म्हणजे कातडीवर वाढणारी बुरशी. ती शिरली की शरीर तिच्याशी झगडतं, म्हणून लाली आणि खाज. स्टेरॉइडने तो झगडाच बंद पडतो. तुम्हाला वाटतं बरं झालं, आणि बुरशी आत आरामात पसरते. शिवाय कातडी पातळ होते. त्या रेघा आता जाणार नाहीत."

पुढे अडीच महिने आम्ही तिघांनी औषध घेतलं. गोळ्या आणि साधं, स्टेरॉइड नसलेलं मलम. चट्टा दिसेनासा झाल्यावरही मॅडमनी औषध सुरूच ठेवायला लावलं, कारण डोळ्यांना दिसत नाही तरी बुरशी शिल्लक असते. टॉवेल वेगळे, आतले कपडे गरम पाण्यातून काढून उलटे करून उन्हात, ऊन नसेल तर इस्त्री. सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घेतले नाहीत तर ते घरात फिरतच राहतं.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम कागदावर आहे, आणि गल्लीतल्या दुकानात काय चालतं ते तुम्हीआम्ही जाणतो. मी त्या पोराला एकट्यालाच दोष देत नाही. मीच खालच्या आवाजात मागितलं होतं. पण दुकानदारांनो, एवढं तरी विचारत जा हो, की किती दिवस झाले आणि घरात आणखी कुणाला आहे का! आणि मैत्रिणींनो, ट्यूब हातात आली की तिच्यावर उभी लाल पट्टी आहे का ते बघा. ती पट्टी म्हणजे चिठ्ठीवरचं औषध. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी नावं दिसली की ते स्टेरॉइड समजा. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. इसबाला, सोरायसिसला डॉक्टर तेच देतात, पण मोजून आणि मुदत घालून. वांगावर किंवा 'गोरं दिसायला' म्हणून अशी ट्यूब वर्षानुवर्षं तोंडाला चोपडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. चेहरा लालबुंद, उन्हात गेलं की आग, पुळ्या आणि ओठांवर लव. लग्न ठरवायच्या घाईत आयाच आणून देतात, हे अधिक वाईट.

आता कमरेचा विषय निघालाच आहे तर नाड्याबद्दलही सांगते. परकराचा नाडा करकचून आवळायची आपली सवय. तिथली कातडी काळी पडते, जाड होते, सोलते, आपण खोबरेल लावतो आणि सोडून देतो. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दोघींच्या कमरेवर जखम होती, वर्ष उलटून गेलं तरी भरत नव्हती. तपासलं तर कातडीचा कर्करोग. एक आयुष्यभर नाड्याचा परकर घट्ट बांधणारी, दुसरी लुगडं नेसणारी. घाबरू नका, हे क्वचित होतं. पण नाडा रुंद घ्या, जरा सैल बांधा, जागा बदलत जा, आणि कमरेवर महिनाभर न भरणारी जखम दिसली तर दाखवा. आपल्या सासवांची कमर आपण कधी बघितलेली असते का?

नाड्यासारखंच इतर साजशृंगाराचं. टिकलीच्या जागी कपाळाला खाज किंवा पांढरट ठिपका आला तर तो टिकलीच्या डिंकाचा त्रास असू शकतो. टिकली लगेच बंद करायची, कंपनी बदलून पुन्हा सुरू करायची नाही. खोट्या दागिन्यातल्या निकेलमुळे मानेला, कानाच्या पाळीला ओलसर पुरळ येतं. केसांच्या काळ्या रंगाने कपाळ सुजतं, डोळे मिटतात, आणि तोच रंग घातलेल्या झटपट काळ्या मेंदीने पोरींच्या हातावर नक्षीच्या आकाराचे फोड उठतात. भांड्याच्या साबणाने बोटांना भेगा पडतात हे तर घरोघरचं. या सगळ्यांची एक खूण आहे. जिथे ती वस्तू लागते तेवढ्याच जागेला त्रास होतो. जागा बघा म्हणजे गुन्हेगार सापडतो.

आणि घरगुती उपाय? कांजण्यांत कडुनिंबाच्या पाण्याची अंघोळ, पित्त उठलं की आमसुलाचं पाणी, याला माझी ना नाही, बरं वाटत असेल तर करा. पण चट्ट्यावर लसूण ठेचून बांधणं, चुना, बिब्बा, लिंबू हे मात्र नको. बिब्ब्याने भाजून कातडी सोललेली एक बाळंतीण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मूळ चट्टा नखाएवढा होता.

खरूज ओळखायला सोपी. दिवसा बरं असतं, अंथरुणात शिरलं की खाज. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती, काखेत बारीक पुळ्या. आणि घरात एकापाठोपाठ एक सगळे खाजवायला लागतात. डॉक्टर जे मलम देतात ते घरातल्या सगळ्यांनी, न खाजणाऱ्यांनीही, एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, सांगितलं तर आठवड्याने पुन्हा. आपण जिथे खाजतं तिथेच लावतो आणि मग म्हणतो औषध लागू पडलं नाही.

नागिणीबद्दल जरा थांबून बोलायला हवं. अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे, पाणी भरलेले फोड आणि आगीसारखी वेदना. फोड यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतंच दुखतं, बाईला वाटतं पाठ भरली. आपल्याकडे अजूनही गेरू लावून, मंत्र घालून घ्यायला नेतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, अशी भीती. खरी गोष्ट अशी, की लहानपणी होऊन गेलेल्या कांजण्यांचा विषाणू शिरेजवळ वर्षानुवर्षं झोपलेला असतो, तोच वयाने किंवा आजारपणाने अंग थकलं की जागा होतो. एका शिरेच्या वाटेनं जातो म्हणून फोड एकाच बाजूला येतात, ते 'जुळत' नाहीत. त्यामुळे मंत्र घालणाऱ्याला फुकटचं यश मिळतं. यावर गोळ्या आहेत, पण त्या फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग. आपले तीन दिवस गेरूत जातात, आणि मग फोड सुकले तरी म्हातारीची ती आग महिनोन् महिने जात नाही. नागीण कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर त्याच दिवशी दवाखाना, डोळा जाऊ शकतो.

आता लहान मुलांचं. घामोळ्यांना पावडरचा थर नको, त्याने घामाची भोकं आणखी बुजतात. सुती सैल कपडा आणि गार पाण्याची अंघोळ पुरे. पण तापाबरोबर पुरळ आलं की ते घामोळं समजून बसायचं नाही. ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे आणि तीन-चार दिवसांनी कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ, हा गोवर. 'बाया आल्या' म्हणून पोराला अंधारात ठेवून आपण वाट बघतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली तेव्हा लहान मुलं दगावली. यावर लस आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे, नवव्या महिन्यानंतर एक आणि दीड वर्षाच्या सुमाराला दुसरी. नातवंडाचं कार्ड काढून आजच बघा. पोटुशी बाई असेल आणि घरात कुणाला गोवर, कांजण्या किंवा तसलं पुरळ उठलं, तर तिला अंगावर काही दिसायची वाट न बघता डॉक्टरला सांगायचं.

आणि काही वेळा तर तास-दोन तासही थांबायचं नसतं. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, दिवसभरात आल्या-गेल्या, तर फारसं काही नाही. पण ओठ, जीभ, पापण्या सुजल्या, आवाज बसला, दम लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा काढा. तसंच नवीन गोळ्या सुरू केल्यावर पुरळ येऊन तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड आले, कातडी सुटायला लागली, तर ती गोळी थांबवून, तिचं पाकीट घेऊन थेट मोठं रुग्णालय. ताप आहे आणि लाल-जांभळे ठिपके काचेचा ग्लास दाबून बघितला तरी फिके पडत नाहीत, तेव्हाही तसंच. आणि एखादी जागा लाल, गरम होऊन तासागणिक पसरते आहे, दुखते आहे, तरीही. मधुमेह असलेल्या बाईने तर पायाच्या चिखल्याही हसण्यावारी नेऊ नयेत.

एवढं सगळं खाजणाऱ्या, दुखणाऱ्या गोष्टींबद्दल झालं. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती न खाजणाऱ्या चट्ट्याची. शेजारच्या वाडीतली एक सून आहे, पंचविशीची. दंडावर फिकट, जरा तांबूस डाग होता. खाज नाही, दुखणं नाही, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. सगळे म्हणायचे शिबं असेल, उन्हाने असेल. एक दिवस भाकरी करताना तव्याची कड तिथे लागली, मोठा फोड आला, आणि तिला कळलंच नाही. सासूने बघून किंचाळली तेव्हा कळलं. तपासणी झाली आणि निघाला कुष्ठरोग.

२००५ च्या अखेरीस भारताने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून आपण समजलो की तो संपला. संपलेला नाही, आपल्या महाराष्ट्रात आजही नवे रुग्ण सापडतात. फिकट किंवा तांबूस चट्टा, त्यावर कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही, घाम येत नाही, केस झडलेत, कधी हाताला मुंग्या, बोटांची ताकद कमी, एवढ्या खुणांवर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर. वेळेत घेतलं तर बोटं वाकडी होत नाहीत. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तो रोग दुसऱ्याला लागायचा धोका जातो, ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. घरातल्यांनाही तपासतात. आशाताई घरी येऊन "अंगावर कुठे चट्टा आहे का" विचारते, तेव्हा आपण दारातूनच "नाही हो" म्हणून तिला वाटेला लावतो. तिला आत बोलवा, पाठ दाखवा.

त्या सुनेची खरी धास्ती रोगाची नव्हतीच. "मला माहेरी धाडतील," एवढंच ती म्हणत राहिली. तिची भीती खोटी नव्हती, कारण पूर्वी कायद्यातच कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलं होतं. २०१९ साली ते काढून टाकलं. हे मी तिच्या सासऱ्यांसमोर बसून दोनदा मोठ्याने सांगितलं. तिचं औषध आता पूर्ण झालंय. भाकऱ्या तीच करते, आणि सगळे खातात.

अशा आणखी दोन-तीन झाकल्या गोष्टी आहेत, ज्या बायका डॉक्टरलाही सांगत नाहीत. सातव्या महिन्यानंतर गरोदर बाईला रात्री तळहात-तळपायांना भयंकर खाज सुटली आणि अंगावर पुरळ काहीच नाही, तर ते यकृताचं लक्षण असू शकतं, बाळाला धोका असतो. रक्त तपासायला हवं. लघवीच्या जागी पुन्हा पुन्हा खाज किंवा बुरशी होत असेल तर साखर तपासून घ्या, पुष्कळदा मधुमेह असाच पहिल्यांदा सापडतो. आणि एकाच स्तनाच्या टोकाला खपली, ओलसरपणा, इसबासारखं काही होऊन महिनाभर मलम लावूनही बरं होत नसेल, तर ते इसब नाही असं धरून चला आणि तपासा. तो स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार असू शकतो. ते टोक काय आपण आरशातही धड बघत नाही.

डॉक्टरकडे जाताना एवढं करा. चट्ट्यावर हळद, तेल, पावडर काही न लावता जा, नाहीतर त्यांना दिसणार काय? आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, ओरडतील म्हणून लपवू नका. पुरळ येतं-जातं असेल तर आलेलं असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुरुष डॉक्टरसमोर संकोच वाटला तर "सिस्टरना बोलवा" असं सरळ म्हणा, तो आपला हक्क आहे. सोबत बाईमाणूस न्या.

आमच्या गटातल्या त्या पाचजणींचं ठरलंय. येत्या गुरुवारी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्वचेची ओ.पी.डी. असते. सकाळचं आठचं वडाप धरायचं, मी बरोबर आहे. काल ती दोन वर्षांवाली मंडईत भेटली. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवून कानाशी येऊन म्हणाली, "ताई, वडापात एक सीट वाढवा. आमचे हे पण येतायत. त्यांनापण खाजतंय म्हणे, सहा महिने झाले, आत्ता बोलले."